अळीच्या पोटांतली माशी

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हें गांव लागतें. नृसिंहाच्या देवस्थानामुळें गांवाचें नांव दूरवर ठाऊक आहे, आणि दर्शनासाठीं येणारा यात्रेकरू सहसा देवळापलीकडे फारसें पाहत नाहीं. परंतु सभोंवतालची काळी जमीनहि पाहण्यासारखी आहे. कापूस आणि तूर हीं तिचीं जुनीं पिकें. त्यांच्या जोडीला गेल्या कांहीं दशकांत परभणी जिल्ह्यांत तुतीची लागवड आली, आणि तुतीमागोमाग रेशमाचे किडे पाळण्याचीं संगोपनगृहें उभीं राहिलीं. ज्या देवाची कथा खांब दुभंगून प्रकट होण्याची, त्याच्या या परिसरांत रेशीम पिकविणाऱ्या शेतकऱ्याला मात्र एक निराळेंच प्रकट होणें धास्ती घालतें.

रेशमाचा किडा चार वेळां कात टाकतो, सुमारें पंचवीस दिवस तुतीचा पाला खातो आणि मग चंद्रिकेवर चढून कोश विणतो. हा कोश अखंड असला, तरच त्याच्यावरून सुमारें एक हजार मीटर लांबीचा धागा सलग उकलतां येतो. परंतु कधीं कधीं कोश पुरा झाल्यावर त्याला एक वाटोळें भोंक पडतें आणि आंतून एक पांढरट पिवळी, बिनपायांची अळी बाहेर पडून जमिनीच्या भेगेंत दिसेनाशी होते. भोंक पडलेला कोश धागा काढण्याच्या कामाचा राहत नाहीं. बाहेर पडलेली अळी रेशमाच्या किड्याची नव्हे, माशीची. शेतकरी तिला उझी माशी म्हणतो.

आतां त्याच शेतकऱ्यानें बांध ओलांडून आपल्या तुरींत जावें. शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या अंगावर तेथेंहि एखादें बारीक पांढरें अंडें चिकटलेलें आढळतें, आणि तीहि अळी कांहीं दिवसांनीं मरून तिच्यांतून माशीचीच अळी निघते. ही माशी उझीच्याच कुळांतली. एकच कूळ, एकच वागणूक. बांधाच्या अलीकडे वैरीण, पलीकडे सखी. दिसावयाला दोघीहि घरमाशीच्या बहिणी. म्हणून कोणती माशी कोणत्या किड्यांतून निघाली हें नेमकें ओळखणें ही येथें केवळ हौसेची बाब उरत नाहीं. ओळख चुकली तर उपाय चुकतो, आणि पंचवीस दिवसांचें पीक हातचें जातें.

ही ओळख माणसाला फार उशिरां पटली. आपल्याकडे कुंभारणीची कथा सर्वांच्या कानावरची आहे. भिंतीला मातीचें घरटें करणारी ही माशी एक अळी आणते, आंत कोंडते, दार लिंपते. आणि कांहीं दिवसांनीं दार फुटून बाहेर पडते ती अळी नव्हे, दुसरी कुंभारीण. भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंमध्यें या कीटकाला स्थान आहे. त्याच स्कंधावर १५७३ मध्यें पैठणच्या एकनाथांनीं आपली मराठी टीका पुरी केली, आणि भयानें ध्यास घेतां घेतां अळीच भ्रमर होते हा दृष्टांत घरोघर पोंचला. अध्यात्माच्या दृष्टीनें दृष्टांताला जें सांगावयाचें होतें तें त्यानें उत्तम सांगितलें. त्याला कीटकशास्त्राच्या परीक्षेस बसविणें अरसिकपणाचें होईल. तरी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. यांतील निरीक्षण अचूक होतें. अळी आंत गेली, हें खरें. माशी बाहेर आली, हेंहि खरें. मध्यें मातीच्या भिंतीआड काय घडलें, तेवढें कोणीं पाहिलें नव्हतें.

चीनमध्येंहि हीच समजूत होती आणि तीहि प्राचीन काव्यावरील भाष्यांतून चालत आली होती. इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकांत ताओ होंगजिंग या वैद्यकशास्त्रज्ञानें मात्र प्रत्यक्ष पाहून सांगितलें, कीं कोंडलेली अळी ही कुंभारणीच्या पिलाची शिदोरी आहे. पिलूं निघतें तें कुंभारणीनेंच घातलेल्या अंड्यांतून. पुढें १०९६ च्या सुमारास लू दियान या चिनी पंडितानें रेशमाच्या किड्याबद्दल त्याहून मोलाची नोंद केली. माशी किड्याच्या अंगावर अंडें घालते, कोश झाल्यावर त्याची अळी होते, ती जमिनींत शिरते आणि तिची पुन्हां माशी होते, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. उझी माशीचें जीवनचक्र आजहि याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

युरोपांत हेंच ज्ञान फार वेड्यावांकड्या वाटेनें आलें. हॉलंडमधील योहानेस गुदार्त यानें १६६० च्या दशकांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अळ्या पाळून त्यांचीं फुलपांखरें झालेलीं दाखविलीं. पण त्याच्या कांहीं अळ्यांतून फुलपांखरांऐवजीं माशाच निघाल्या. एकाच जातीच्या अळीला दोन तऱ्हेचीं अपत्यें होतात, असें त्या काळीं वाटणें स्वाभाविक होतें. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीनेंहि १६७९ च्या आपल्या पुस्तकापासून अशा माशा अळ्यांशेजारीं प्रामाणिकपणें रंगविल्या. इटलींत फ्रान्चेस्को रेदी यानें १६६८ मध्यें मांसाचीं भांडीं झांकून ठेवण्याचा प्रसिद्ध प्रयोग केला आणि कुजक्या मांसांतून माशा आपोआप जन्मत नाहींत हें दाखविलें. तरीहि झाडांवरच्या गांठींतले किडे झाडच उत्पन्न करतें, हें त्याच्या मनांतून गेलें नाहीं. शतकाच्या अखेरीस अंतोनियो व्हॅलिस्नेरी यानें या प्रकरणाचा उलगडा केला. अळींतून निघालेली माशी अळीची संतति नव्हे. ती बाहेरून आलेल्या दुसऱ्या मातेची. गुदार्तच्या चित्रांत चूक नव्हती. आईचा पत्ता तेवढा चुकला होता.

रेशमाच्या माशीला शास्त्रीय नांव मिळालें तें एका संकटाच्या निमित्तानें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेब्रीन या रोगानें युरोपांतील रेशमाच्या किड्यांचा फडशा पाडला. याच रोगावर १८६५ पासून पाश्चरनें आपलीं कांहीं वर्षें वेंचलीं. निरोगी अंडीं मिळावींत म्हणून इटलीचे व्यापारी थेट जपानला जाऊं लागले. जपानांतील किडे पाळणाऱ्यांना एका निराळ्या पिडेची चांगलीच ओळख होती, आणि तिला ते ‘उजी’ म्हणत. उजी म्हणजे जपानी भाषेंत साधी अळी, किड्यांची वळवळ. पार्मा येथील माशांचा अभ्यासक कामिलो रोंदानी यानें १८७० मध्यें या ‘उगी’ कीटकावर एक लेख लिहिला आणि माशीचें नांव ठेवतांना उजी हा जपानी आणि माशी या अर्थाचा ग्रीक असे दोन शब्द जोडून उगिमाइया असें गटनाम घडविलें. आजच्या वर्गीकरणांत तें नांव प्रचारांत नाहीं. ही माशी आतां ब्लेफारिपा या गटांत मोडते. परंतु जपानी खेड्यांतला तो शब्द मात्र टिकला, आणि मराठवाड्यांतला शेतकरी आज ‘उझी’ म्हणतो तेव्हां तोच शब्द उच्चारतो.

तोक्यो येथील प्राध्यापक सासाकी यानें १८८६ च्या सुमारास या जपानी माशीचा जीवनक्रम प्रसिद्ध केला, आणि तो वाचून कोणीहि थक्क व्हावें. ही माशी रेशमाच्या किड्याला शिवतहि नाहीं. ती तुतीच्या पानावर अतिसूक्ष्म अंडीं घालते. किडा पान खातो, त्याबरोबर अंडें गिळतो, अंडें त्याच्या पोटांत फुटतें, आणि बारीक अळी मज्जातंतूंच्या गांठींत जाऊन राहते. वाढली म्हणजे किड्याच्या श्वासरंध्राजवळ येते आणि त्याच्याच श्वासनलिकेंतून हवा घेते. ज्या घरांत वैऱ्याला घरधन्यानें स्वतःच्या हातानें जेवणाच्या ताटांतून आंत घ्यावें, असा हा प्रकार.

बंगालमधली गोष्ट याहून वेगळी होती. तेथील रेशमाच्या किड्यांवरील माशीला १८८० सालीं लुई या अभ्यासकानें बॉम्बिसिस हें जातिनाम दिलें. ही माशी पानावर अंडें घालीत नाहीं. ती किड्याच्या अंगावर बसते आणि पांढरें अंडें त्वचेला चिकटवून उडून जाते. दोन-तीन दिवसांत अंडें फुटतें आणि अळी त्वचा भेदून आंत शिरते. शिरल्या जागीं एक काळा डाग उरतो, आणि अनुभवी शेतकरी रोगट किडा निवडतो तो याच डागावरून. पांच ते आठ दिवस आंत वाढून ती अळी बाहेर येते, जमिनींत किंवा भेगेंत तपकिरी रंगाचा कोश करते, आणि दहा-बारा दिवसांनीं माशी होऊन उडते. किडा लहान असतां अंडें पडलें तर तो कोश विणण्यापूर्वींच मरतो; शेवटच्या दिवसांत पडलें तर कोश होतो, पण त्याला भोंक पडतें.

येथें ओळखीचें महत्त्व मनावर ठसतें. जपानी उझी आणि बंगाली उझी यांना नांव एक असलें, तरी एकीचा उपाय दुसरीला लागूं पडणार नाहीं. एकीसाठीं बागेंतल्या पानाची काळजी हवी, दुसरीसाठीं दारें-खिडक्यांना जाळी हवी. नुसत्या नांवावर विसंबून जपानी पुस्तकांतला उपाय परभणीच्या संगोपनगृहांत केला, तर पानें धुवून धुवून हात दुखतील आणि माशी खिडकींतून येतच राहील.

शास्त्रीय नांवांचा घोळहि कमी नव्हता. बंगालची माशी कोणी ट्रायकोलायगा गटांत घातली, कोणी एक्झोरिस्टा गटांत. आणि बऱ्याच भारतीय लिखाणांत ती वीडेमान यानें १८३० मध्यें वर्णिलेल्या सॉर्बिलन्स या जातीच्या नांवाखालीं वावरत राहिली. आतां एक्झोरिस्टा बॉम्बिसिस हें नांव रूढ झालें आहे. परंतु जुनीं पुस्तकें चाळणाऱ्यानें हीं तीन-चार नांवें एकाच माशीचीं असूं शकतात, हें ध्यानीं ठेवावें लागतें.

या घोळाचें एक कारण असें, कीं हिंदुस्थानांत या कुळाकडे लक्ष देणारें माणूस फार काळ मिळालेंच नाहीं. सरकारी कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यानें पुसा येथून १९०९ मध्यें भारतीय कीटकांवरील मोठा ग्रंथ काढला. कलकत्त्यास एनरिको ब्रुनेत्ती नांवाचे गृहस्थ होते. पेशानें संगीतकार, आणि नादानें माशांचे अभ्यासक. त्यांनीं १९१२ ते १९२३ या काळांत भारतीय प्राणिसृष्टीच्या सरकारी ग्रंथमालेंत द्विपंखी कीटकांवर तीन खंड लिहिले. तरी परोपजीवी माशांचें हें मुख्य कूळ, टॅकिनिडी, त्या मालेंत कधींच आलें नाहीं. पौर्वात्य प्रदेशांतील या कुळाचा सर्वांगीण आढावा मिळण्यास १९७६ साल उजाडावें लागलें. तो लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील रॉजर क्रॉस्की यांनीं घेतला. एवढें मोठें कूळ, जगभर सुमारें साडेआठ हजार ज्ञात जाति, आणि त्यांतल्या बहुतेक सर्व दुसऱ्या किड्यांच्या पोटांत वाढणाऱ्या. शेतीप्रधान देशानें त्याची इतकी उपेक्षा करावी, हें नवल आहे.

महाराष्ट्रांत तुतीच्या रेशमाचा उद्योग रुजविण्याचा खटाटोप जुना आहे. मुत्ती नांवाच्या इटालियन गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुण्याजवळ कोथरूडला तुती लावली होती. तो उद्योग टिकला नाहीं. पैठणीसाठीं लागणारें रेशीम बाहेरूनच येत राहिलें. परभणीस निजामी अमलांत १९१८ मध्यें सरकारी प्रयोगक्षेत्र निघालें आणि १९७२ मध्यें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. आज वसंतराव नाईक यांचें नांव असलेल्या त्या विद्यापीठांत रेशीम संशोधनाचा स्वतंत्र विभाग आहे.

उझी माशी दीर्घ काळ बंगाल आणि आसामपुरतीच होती. दक्षिणेंतल्या शेतकऱ्याला ती माहीतहि नव्हती. मे १९८० मध्यें ती कर्नाटकांत आढळली आणि पाहतां पाहतां तमिळनाडु व आंध्र या प्रांतांत पसरली. माशीच्या पंखांत एवढें बळ नसतें. ती माणसाच्या गाडीनें आली. बंगालमधून आलेल्या कोशांबरोबर तिच्या अळ्या दक्षिणेंत पोंचल्या, असें मानलें जातें. हें कारण समजल्यावर कोशांची वाहतूक ही नुसती व्यापाराची बाब राहिली नाहीं. मराठवाड्यांतील शेतकरी आपले कोश विकण्यास वर्षानुवर्षें कर्नाटकांतील रामनगरच्या बाजारास नेत असत. जालन्यास कोशांचा बाजार सुरू झाला तो २०१८ मध्यें. कोशांचीं पोतीं जेथें जेथें उतरतात, तेथें पोत्याच्या तळाशीं एखादी पांढरट अळी आहे काय, हें पाहणें शहाणपणाचें असतें.

प्रत्यक्ष माशी हातीं आल्यावर ती ओळखावी कशी? येथें घाई करणारा हटकून फसतो. उझीच्या पाठीवर चार काळे उभे पट्टे असतात. पण घरमाशीच्या पाठीवरहि चारच. उझी आकारानें मोठी, करड्या रंगाची आणि पोटावर राठ केंस असलेली असते. भिंगांतून पाहिलें तर घरमाशीच्या शृंगिकेवरचा केंस पिसासारखा झुपकेदार, तर टॅकिनिडी कुळांत तो बहुधा नुसताच बोडका दिसतो. पक्की खूण याहून आडवळणी जागीं आहे. माशीच्या वक्षाच्या टोंकाला ढालीसारखा एक भाग असतो. या कुळांत त्या ढालीच्या खालीं आणखी एक फुगीर उंचवटा येतो. जातिनिश्चयासाठीं मात्र एकेका केंसाची जागा मोजावी लागते आणि नराचीं जननेंद्रियें तपासावीं लागतात. तें काम तज्ज्ञाचें.

त्याहून मोठी फसगत यजमान ठरवितांना होते. (अळीला शास्त्रांत यजमान म्हणण्याची रीत आहे, पाहुणा यजमानालाच खातो, म्हणून हा शब्द थोडा क्रूर वाटतो खरा.) मेलेल्या अळीवर मांसमाशा येतात, त्यांच्या पाठीवर तीन पट्टे असतात आणि त्या जिवंत अळ्याच टाकतात. संगोपनगृहांतल्या मृत किड्यांवर अगदीं बारीक कुबड्या माशाहि घोंघावतात. डबींत अळी मेली आणि चार दिवसांनीं माशी निघाली, एवढ्यावरून त्या माशीनें अळी मारली असें लिहिणें म्हणजे तेराव्याला आलेल्या पाहुण्यावर खुनाचा आळ घेण्यासारखें आहे. जुन्या याद्यांत अशा नोंदी थोड्या नाहींत. म्हणून नियम असा, कीं जिवंत अळी पकडावी, एका डबींत एकच ठेवावी, आणि जें निघेल त्याच्याबरोबर अळीची सुकलेली कातडी व माशीचा रिकामा कोश जपून ठेवावा. दोन अळ्या एका डबींत ठेवणाऱ्याची नोंद कितीहि सुवाच्य अक्षरांत असली, तरी तिची किंमत शून्य.

गुदार्तची चूक पुन्हां करण्याचा मोह आजहि समोर उभा राहतो, आणि तोहि याच उझीच्या संदर्भांत. उझीच्या तपकिरी कोशांतून कधीं कधीं माशी निघतच नाहीं. निघतात त्या पुष्कळशा चिमुकल्या गांधीलमाशा. नेसोलिंक्स थायमस हें तिचें नांव. तिनें उझीच्या कोशांत आपलीं अंडीं घातलेलीं असतात. रेशमाच्या किड्याची वही ठेवणाऱ्यानें या गांधीलमाशीला किड्याची वैरीण म्हणून लिहिलें, तर ज्या पाहुणीचें स्वागत करावयाचें तिलाच तो मारून बसेल. म्हैसूरकडील संशोधकांनीं ही गांधीलमाशी वाढवून संगोपनगृहांत सोडण्याची पद्धत बसविली आहे. तिच्या जोडीला जाळीच्या खिडक्या, माशांना भुलविणारें द्रावण भरलेलीं पांढरीं तबकें, आणि अंडें फुटण्यापूर्वीं किड्यांच्या अंगावर बेंझोइक आम्लाच्या सौम्य द्रावणाची फवारणी, असे उपाय आहेत. कडक कीटकनाशकाला येथें थारा नाहीं. माशीला मारणारें विष रेशमाच्या किड्यालाहि मारतें.

विदर्भांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या बाजूस ऐन आणि अर्जुन यांच्या झाडांवर टसरचे किडे पाळले जातात. तेथील माशीलाहि लोक उझीच म्हणतात, पण ती ब्लेफारिपा झेबिना, म्हणजे जपानी उझीच्या गटांतली. परभणीचा अनुभव आरमोरीला, आणि आरमोरीचा परभणीला, जसाच्या तसा लागूं पडेल अशी अपेक्षा कोणीं करूं नये.

तुरींतल्या अळीवर मराठवाड्याच्या शेजारीं, हैदराबादजवळील पटनचेरूच्या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेंत पुष्कळ काम झालें आहे. तेथील नोंदींत कार्सेलिया इलोटा आणि गोनिऑफथाल्मस हॅली या दोन माशा येतात. दुसरी जपानी उझीप्रमाणें पानावर सूक्ष्म अंडीं घालणाऱ्यांपैकीं. शेंगेच्या आंत शिरलेली अळी तिला सांपडत नाहीं, पाला खाणारी लहान अळी सांपडते.

आतां या सर्व खटाटोपाला नवें साधन मिळालें आहे. मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका येथें डॅनियल जँझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हजारों अळ्या एकेक करून पाळल्या आणि त्यांतून निघालेल्या माशांचें जनुकीय द्रव्य तपासलें. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामांत बेल्व्होसिया गटांतील वीस जाति रूपावरून ओळखल्या होत्या. त्यांपैकीं तीन अनेक जातींच्या अळ्यांवर जगतात, असें वाटत होतें. तपासणीनंतर वीसांच्या बत्तीस झाल्या, आणि त्या तिन्ही सर्वभक्षी ठरविलेल्या माशा म्हणजे ठराविक अळीवरच जगणाऱ्या, परंतु हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या जातींचे घोळके निघाले. तज्ज्ञांचे डोळे जेथें हरले, तेथें त्यांनीं वर्षानुवर्षें लिहून ठेवलेल्या यजमानांच्या चिठ्ठ्या मात्र खऱ्या ठरल्या.

ही चिठ्ठी लिहिण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. पोखर्णीच्या शिवारांतल्या शाळेंतल्या मुलालाहि ती लिहितां येईल. कांचेची एक बाटली, तोंडाला मलमलीचा तुकडा, तळाशीं चिमूटभर ओली माती, आंत तुरीवरची एकच जिवंत अळी आणि रोज ताजा पाला. माशी निघाली, कीं तिचे पंख ताठ होईपर्यंत एक दिवस थांबावें. मग टांचणीला लावून खालीं कागद अडकवावा. त्यावर गांव, तालुका, तारीख, पीक, अळी कोणत्या दिवशीं धरली आणि माशी कोणत्या दिवशीं निघाली, हें शाईनें नव्हे, शिसपेन्सिलीनें लिहावें; ओल लागली तरी तें पुसलें जात नाहीं.